महिनाभराची परदेश ट्रिप ठरवताय? मग आधी समुद्र बघा, शहरं नंतर

तीन-चार आठवड्यांची सुट्टी एकदाची हातात पडली की बहुतेक जण पहिल्यांदा शहरांची यादी करायला बसतात, हे बघू ते बघू, आणि मग त्यात कुठेतरी चार दिवस बीच आणि दोन दिवस जंगल कोंबतात. मी पण हेच करायचे. आता बरोब्बर उलटं करते, आधी समुद्र, मग डोंगर-जंगल, आणि शहरं सगळ्यात शेवटी उरलेल्या जागेत. कारण साधंय, शहर पावसातही बघता येतं, म्युझियमला छप्पर असतं. समुद्राला नसतं.

हे शहाणपण मला को सामुईला आलं. नोव्हेंबर होता, "थायलंडचा सीझन नोव्हेंबरपासून" एवढंच कुठेतरी वाचलेलं आणि बुकिंग करून मोकळी झालेले. ते वाक्य खोटं नव्हतं, पण ते पश्चिमेच्या अंदमान समुद्राच्या बाजूचं होतं, म्हणजे फुकेत, क्राबी वगैरे. सामुई पूर्वेला आखातात आहे आणि तिथे जोराचा पाऊस पडतो तोच मुळी ऑक्टोबर ते डिसेंबर. पाणी मातकट, किनाऱ्यावर लाल बावटा, पुढच्या बेटाची बोट रद्द, आणि आम्ही तीन दिवस व्हरांड्यात बसून खुर्चीच्या पाठीवर टाकलेले ओले टॉवेल उलटेपालटे करतोय, ते काही केल्या वाळत नाहीत. त्याच आठवड्यात पलीकडच्या किनाऱ्यावर आमच्यापेक्षा खूपच बरी हवा होती, विमानाने जेमतेम तासाभराचं अंतर!

म्हणून देशाचा सीझन असं काही नसतं असंच धरून चाला, किनाऱ्याचा सीझन असतो. श्रीलंकेत दक्षिण-पश्चिम किनारा डिसेंबर ते मार्च चांगला, तर पूर्वेचं त्रिंकोमाली आणि अरुगम बे मे ते सप्टेंबर. व्हिएतनाम उभा लांबलचक देश, तिथे होई आनला ऑक्टोबर-नोव्हेंबरात रस्त्यात पाणी भरतं आणि डिसेंबर-जानेवारीत हनोईत स्वेटर लागतो तेव्हा खाली दक्षिणेत लोक पोहत असतात. कॅरिबियनला जायचं तर चक्रीवादळांचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात. आणि नुसतं तापमान बघून भुलू नका, ऑस्ट्रेलियात केर्न्सकडे साधारण नोव्हेंबर ते मे पाणी मस्त कोमट असतं पण त्यात विषारी बॉक्स जेलीफिश पण असतात, त्यामुळे जाळी लावलेल्या भागात नाहीतर अंगभर सूट घालून उतरावं लागतं. तेव्हा तीन गोष्टी बघायच्या: त्या महिन्याचा पाऊस, समुद्र किती खवळलेला असतो ते, आणि तिथल्या बोटी आणि नॅशनल पार्क चालू असतात का. थायलंडची सिमिलन बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सरळ बंदच ठेवतात.

समुद्राची तारीख पक्की झाली की निसर्ग. इथे हवामानाबरोबर परमिटचाही घोळ असतो, कारण चांगल्या जागी माणसांची संख्या ठरवलेली असते. पेरूतली इंका ट्रेल, म्हणजे माचू पिचूला चालत जायची वाट, दिवसाला ५०० माणसांनाच, आणि त्यात गाइड आणि हमालही आले, शिवाय फेब्रुवारीत ट्रेल पूर्ण बंद. न्यूझीलंडचा मिलफर्ड ट्रॅक ५३.५ किलोमीटरचा, चार दिवसांचा, सीझनमध्ये मुक्काम ठरलेल्या हटमध्येच करायचा आणि त्या जागा बुकिंग उघडलं की बघता बघता उडतात. म्हणजे असलं काही डोक्यात असेल तर विमानाच्या तिकिटाच्या आधी परमिट मिळतंय का बघा, उलटं केलंत तर तारखा जुळवता जुळवता जीव जाईल. अजून एक, इंका ट्रेलचं परमिट पासपोर्ट नंबरवर निघतं, त्यामुळे पासपोर्ट रिन्यू व्हायला आला असेल तर ते काम आधी उरका.

आता प्रत्यक्ष फिरण्याचा क्रम. मी लावते तो असा: शहर, डोंगर, समुद्र, शहर. पहिलं शहर जेटलॅगसाठी, तीन रात्री, पहाटे तीनला टक्क जाग येते आणि दुपारी चारला डोळे मिटतात अशा अवस्थेत भाड्याची गाडी घेऊन अनोळखी घाटात शिरायचं नसतं. मग डोंगर, कारण पाय ताजे असतात. उंचावर जायचं असेल तर एकदम वर उडी नको, पेरूतलं कुस्को शहर जवळजवळ ३,४०० मीटरवर आहे, तिथे उतरल्या उतरल्या अनेकांचं डोकं ठणकतं, म्हणून बरेच लोक विमानतळावरून थेट खाली ओयान्तायताम्बोला जातात, ते साधारण २,८०० मीटरवर, दोन दिवस तिथे काढतात आणि कुस्को नंतर बघतात.

समुद्र डोंगराच्या नंतर ठेवायचं अजून एक कारण आहे जे डायव्हिंग करणाऱ्यांनाच माहीत असतं. टाकी लावून खोल गेलात की शरीरात नायट्रोजन साठतो आणि लगेच उंचावर गेलं की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एक डाइव्ह केली असेल तर विमानात बसायच्या आधी किमान १२ तास, आणि बऱ्याच डाइव्ह किंवा बरेच दिवस केल्या असतील तर किमान १८ तास जाऊ द्यायचे असा सर्वसाधारण नियम आहे. उंच डोंगराचंही तेच. म्हणजे बीचचा शेवटचा दिवस नुसतं वाळूत लोळायचं, पॅकेजवाला "सकाळी एक पटकन करून घ्या" म्हणाला तरी.

आणि घरी यायच्या आदल्या रात्री बेटावर कधीही राहू नका. कधीही. बोट रद्द व्हायला वादळच लागतं असं नाही, नुसता वारा पुरतो, आणि मग तुमचं मोठं विमान तुमच्याशिवाय जातं. शेवटच्या दोन रात्री विमानतळ असलेल्या शहरात, तिथे खरेदी, कपडे धुणं, राहिलेलं म्युझियम. म्युझियमवरून आठवलं, सुट्टीचा वार बघून घ्या, बरीच सोमवारी बंद असतात पण पॅरिसचं लूव्र मंगळवारी.

किती ठिकाणं घ्यायची यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. माझा हिशोब रात्रींचा असतो, दिवसांचा नाही. कागदावर २८ चौकोन काढा, एकेक रात्र भरा, पेन्सिलने. मुक्काम हलवायचा म्हटलं की चेक-आउट, बॅगा, प्रवास, खोली तयार नाही म्हणून लॉबीत बसणं, यात अर्धा दिवस तर गेलाच, कधीकधी पूर्ण. म्हणून २८ रात्रींना सहा मुक्काम, फार फार तर सात. ऑस्ट्रेलियासारख्या देशात तर नकाशा फसवतो, सिडनी ते केर्न्स रस्त्याने साधारण २,४०० किलोमीटर आहे आणि सिडनी ते पर्थ विमानानेच पाच तासांच्या आसपास लागतात. आठवड्यातून एक चौकोन कोरा सोडा. तो बरोबरचे लोक लगेच भरायला बघतात, भरू देऊ नका.

तिकीट काढताना रिटर्नऐवजी मल्टी-सिटी टाकून बघा, एका शहरात उतरायचं आणि दुसऱ्यातून परतायचं, नाहीतर फक्त विमान पकडायला पूर्ण देश उलटा कापत यावं लागतं. मधली विमानं वेगळ्या तिकिटावर काढलीत तर पहिल्याला उशीर झाल्यावर दुसरी कंपनी सहसा हात वर करते, त्यामुळे मोठ्या विमानाच्या आधी एक रात्र मध्ये ठेवाच.

कागदपत्रांचं थोडक्यात. बऱ्याच देशांना पासपोर्ट अजून सहा महिने चालणारा लागतो. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, कमी मुदतीसाठी कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि पोचल्याचा आणि निघाल्याचा दोन्ही दिवस मोजतात. यलो फीवरची लस लागणार असेल तर सर्टिफिकेट लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे मध्ये विमान बदलायच्या देशाचा, लोक हमखास विसरतात.

इन्शुरन्स मात्र बसून वाचा, कंटाळा आला तरी. डायव्हिंग किती खोलीपर्यंत, ट्रेकिंग किती उंचीपर्यंत, आणि स्कूटर. बेटावर कोणीही चावी हातात देतो, लायसन्स विचारतही नाही, पण पडलात आणि त्या गाडीचं लायसन्स नसलं तर क्लेम बहुतेक गेलाच.

तिकडच्या एटीएमने "तुमच्या चलनात कापू का" विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलनच निवडा, त्यांचा रेट बहुतेक वेळा महाग पडतो. दोन कार्डं, दोन वेगळ्या बॅगांत. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेत १०० वॉट-अवरपर्यंत सहसा चालते, २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते.

राहिले बूट. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये शिरताना ट्रेकिंगचे बूट डिक्लेअर करावे लागतात आणि तळव्याला चिखल दिसला तर अडवतात, त्यांना बाहेरची माती आणि बिया नको असतात. मी एकदा हॉटेलच्या बेसिनवर रात्री साडेअकराला केसांच्या पिनेने खाचांमधली माती उकरत बसलेले. जुना टूथब्रश टाका बॅगेत.