शंभर दाणे आणि सत्तर टक्के: घरच्या सोयाबीनवर परिकल्पना चाचणी कशी करावी

पेरणीआधी सातारा-सांगलीकडे एक सल्ला हमखास मिळतो: घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, सत्तर उगवले तर बियाणं चांगलं. गोणपाटाचा भाग बरोबर आहे. ‘सत्तर उगवले तर चांगलं’ हा भाग अर्धवट आहे. तो का अर्धवट आहे हे कळलं, की नमुना, संभाव्यता आणि परिकल्पना चाचणी (मोजलेल्या आकड्यांवरून एखादं विधान नाकारायचं की नाही ते ठरवणं) हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाचे तिन्ही धडे एकदम कळतात. पुस्तकातली नाणी आणि पिशवीतले रंगीत चेंडू बाजूला ठेवून विद्यार्थ्यांनी हाच सराव करावा. साहित्य घरात असतं, आणि उत्तर चुकलं तर ते शेतात दिसतं.

दाण्याला हात लावण्याआधी

वहीत चार गोष्टी लिहा: कोणत्या पोत्यांबद्दल बोलायचं आहे, किती दाणे घेणार, ‘उगवला’ कशाला म्हणणार आणि किती टक्के चुकीचा धोका पत्करणार. धोक्याची पातळी नेहमीप्रमाणे ५ टक्के, म्हणजे ०.०५ धरा. उगवलेला दाणा म्हणजे मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेला. नुसता फुगलेला, फुटलेला किंवा वाकडा-खुंटलेला कोंब मोजायचा नाही. हे आधी ठरलं नसेल तर मोजताना हात सैल सुटतो आणि चौसष्टचे अडुसष्ट होतात.

नमुना

शेतं वेगळी असतील, किंवा मळणी वेगवेगळ्या यंत्रांवर झाली असेल, तर चाचणीही वेगळी करा. एकाच मळणीची बारा पोती असतील तर बाराही पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून दाणे काढा. सोयाबीनचं साल पातळ असतं. थप्पीत खालच्या पोत्यांवर भार पडतो, आदळआपट झालेल्या पोत्यांत दाणे आतून दुखावलेले असतात. सोयीचं म्हणून वरच्या पोत्यातली ओंजळ घेतली, तर थप्पीतल्या सगळ्यात सुखी दाण्यांची मुलाखत घेतल्यासारखं होतं.

सगळे दाणे एकत्र करा, रास चपटी करा, तिचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा आणि दोन बाजूला सारा. पुन्हा मिसळा, पुन्हा चार भाग करा. शेवटी उरलेल्या दाण्यांतून एका कडेपासून सरळ ओळीने मोजत जा. निवडायचं नाही. डोळ्यांनी दाणे उचलले की हात आपोआप टपोऱ्या, चकचकीत दाण्यांकडे जातो. बियाणं चाळून, फुटके काढून पेरणार असाल तर आधी सगळं बियाणं तसं चाळून घ्या आणि मगच नमुना काढा. नमुन्यातून फुटके वगळायचे आणि पेरताना तेच पेरायचे, हे चालणार नाही.

हा पक्षपात किरकोळ समजू नका. खटाव तालुक्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे (जन्म १९११) यांनी पिकांच्या कापणी प्रयोगांवर (शेताचा छोटा तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज काढणं) काम करताना १९४० च्या दशकात दाखवून दिलं, की मोजणीसाठी शेतात आखलेली चौकट फार लहान असेल तर उत्पन्न फुगून दिसतं. कडेवरची रोपं आत धरली जातात आणि लहान चौकटीत कडेचा वाटा मोठा असतो. चौकटींची संख्या वाढवून ही चूक भरून निघत नाही, कारण ती दर वेळी एकाच दिशेला होते. तुमचा हात टपोरे दाणे उचलत असेल तर चारशे दाण्यांनीही चूक जात नाही, उलट चुकीच्या आकड्यावरचा विश्वास तेवढा वाढतो.

किती दाणे? चारशे, शंभराच्या चार गुंडाळ्या करून. चारशेच का, ते पुढे आकड्यांतून दिसेल.

उगवण

गोणपाट भिजवून पिळा, दहा-दहाच्या दहा ओळी लावा, गुंडाळा, सावलीत ठेवा, ओल टिकवा, सातव्या-आठव्या दिवशी मोजा. दाणे आधी पाण्यात भिजत घालू नका. सोयाबीन झपकन पाणी ओढतं आणि त्यात चांगला दाणाही मरतो. दाण्यांमध्ये अंतर हवं, नाहीतर एकाची बुरशी शेजाऱ्याला लागते. मग दाणे एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत आणि खालचं सगळं गणित कोसळतं. चार गुंडाळ्यांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा यांत १८ पेक्षा जास्त फरक असेल तर तो निव्वळ योगायोगाचा मानू नका. ओल, बुरशी किंवा मिसळणं यात कुठेतरी गडबड आहे. चाचणी पुन्हा करा.

संभाव्यतेचा हिशेब

समजा एका गुंडाळीत १०० पैकी ६४ उगवले. बियाणं खरोखर ७० टक्क्यांचं असतं तर अपेक्षा ७० ची. प्रमाण विचलन (योगायोगाने आकडा साधारण किती हलतो ते) म्हणजे १०० × ०.७ × ०.३ = २१ याचं वर्गमूळ, ४.५८. सलगतेची दुरुस्ती करून (पूर्ण आकड्यांसाठी सलग वक्र वापरतो म्हणून ६४ ऐवजी ६४.५ धरून) झेड, म्हणजे अपेक्षेपासून किती प्रमाण विचलनं दूर ते, = (६४.५ − ७०) ÷ ४.५८ = −१.२०. झेडच्या कोष्टकात डावीकडचं क्षेत्रफळ, म्हणजे संभाव्यता, ०.११५ मिळतं. संगणकावर द्विपद वितरणाने (उगवला किंवा नाही अशा दोनच शक्यतांच्या गणिताने) नेमकं काढलं तर ०.११६.

हा आकडा, म्हणजे पी-मूल्य, नीट वाचा. बियाणं चांगलं असण्याची शक्यता साडेअकरा टक्के आहे, असा त्याचा अर्थ नाही. अर्थ असा: बियाणं खरंच ७० टक्क्यांचं असेल, तर अशा शंभर गुंडाळ्यांपैकी अकरा-बारा गुंडाळ्यांत ६४ किंवा त्याहून कमी दाणे उगवतील. पटत नसेल तर स्प्रेडशीटमध्ये ० ते ९ असे शंभर यादृच्छिक अंक काढा, ० ते ६ म्हणजे उगवला धरा, आणि हेच शंभर वेळा करून बघा.

आता अवघड टप्पा: सिद्ध कुणी करायचं?

०.११६ हे ०.०५ पेक्षा जास्त. म्हणून शून्य परिकल्पना, म्हणजे ‘उगवण ७० टक्के आहे’ हे सुरुवातीला धरलेलं विधान, नाकारता येत नाही. इथवर सगळे येतात, आणि पुढच्या वाक्यात बहुतेक जण घसरतात: ‘म्हणजे बियाणं ७० टक्क्यांचं आहे.’ नाही. बियाणं कमी आहे हे सिद्ध झालं नाही, एवढंच.

किती घसरण आहे ते मोजता येतं. १०० दाण्यांवर शून्य परिकल्पना (उगवण ७० टक्के) ५ टक्के पातळीवर नाकारायची तर ६१ किंवा कमी उगवायला हवेत. ६१ ला पी-मूल्य ०.०३४ येतं, ६२ ला ०.०५३. आता समजा बियाणं खरंच ६५ टक्क्यांचं आहे, म्हणजे कमअस्सल आहे. तरी ६१ किंवा कमी उगवण्याची संभाव्यता जेमतेम ०.२३. म्हणजे चारपैकी तीन वेळा हे बियाणं चाचणीतून सुटतं. चाचणीची ताकद (खरोखर कमी असलेलं बियाणं पकडण्याची संभाव्यता) एवढी तोकडी असताना ‘नाकारता आलं नाही’ याला पास म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे.

मूळ प्रश्न शून्य परिकल्पना कोणत्या बाजूला ठेवायची हा आहे, आणि तो शिकवण्यांमध्ये घाईत उरकला जातो. सिद्ध करण्याचं ओझं पर्यायी परिकल्पनेवर, म्हणजे शून्य परिकल्पनेविरुद्धच्या दाव्यावर असतं. परीक्षेत ‘विक्रेत्याचा ७० टक्क्यांचा दावा खोटा आहे का?’ असं विचारलं असेल तर शून्य परिकल्पना ७० टक्के, पर्यायी ७० पेक्षा कमी. तिथे संशयाचा फायदा विक्रेत्याला जातो आणि तो जायलाही हवा, कारण आरोप तुम्ही करताय. पण स्वतःच्या रानात काय पेरायचं हे ठरवताना संशयाचा फायदा बियाण्याला का द्यायचा? तिथे शून्य परिकल्पना ‘७० किंवा कमी’ आणि पर्यायी ‘७० पेक्षा जास्त’ हवी. मग १०० दाण्यांपैकी ७८ किंवा जास्त उगवायला हवेत. खरी उगवण ७० असताना तेवढे उगवण्याची संभाव्यता ०.०४८, आणि ७७ ला ती ०.०५ च्या वर जाते.

दोन्ही निकाल शेजारी ठेवा. ६१ पर्यंत: बियाणं कमी, हे सिद्ध. ७८ पासून: बियाणं जास्त, हे सिद्ध. ६२ ते ७७ या सगळ्या पट्ट्यात शंभर दाण्यांवरून काहीच ठरत नाही, आणि घरोघरी येणारे आकडे बहुधा याच पट्ट्यात पडतात. ‘सत्तर उगवले, चांगलं आहे’ हा सल्ला बरोबर या पट्ट्याच्या मधोमध उभा आहे.

चारशे दाण्यांवर हा पट्टा आक्रसतो. अपेक्षा २८०, प्रमाण विचलन ८४ चं वर्गमूळ म्हणजे ९.१७. २६४ किंवा कमी (६६ टक्के) म्हणजे कमी सिद्ध, २९६ किंवा जास्त (७४ टक्के) म्हणजे जास्त सिद्ध. तेच ६४ टक्के, पण ४०० पैकी २५६ असे आले, तर झेड −२.५६ आणि पी-मूल्य सुमारे ०.००५. टक्केवारी तीच, निकाल पार वेगळा. म्हणून दाण्यांची संख्या न सांगता नुसती टक्केवारी सांगणाऱ्याचं ऐकू नका. ६५ टक्क्यांचं बियाणं पकडण्याची संभाव्यताही चारशे दाण्यांवर ०.२३ वरून ०.६८ वर जाते.

एक पक्की ताकीद. आकडा आवडला नाही म्हणून पुन्हा शंभर, मग पुन्हा शंभर, आणि त्यांतला चांगला आकडा धरायचा, हे करू नका. ६५ टक्क्यांचं बियाणं एका गुंडाळीत ७० किंवा जास्त दाखवण्याची संभाव्यता ०.१७ आहे. तीन गुंडाळ्यांतली उत्तम निवडली की ती ०.४३ होते. तिन्ही गुंडाळ्यांची बेरीज करून एकच हिशेब करा. पुन्हा करायचीच असेल तर कारण चार गुंडाळ्यांतल्या फरकासारखं आधी ठरलेलं हवं. आधी धरलेली परिकल्पना मोजणीनंतर बदलणंही याच जातीचं. चाचणी एकतर्फी (फक्त कमी किंवा फक्त जास्त बघणारी) की दोनतर्फी (दोन्ही बघणारी), हे मोजणीआधी वहीत असलं पाहिजे.

मग पेरायचं किती?

इथे हो-नाही पेक्षा विश्वासाचा पल्ला, म्हणजे खरी उगवण ज्या दोन आकड्यांमध्ये असावी तो पट्टा, उपयोगी. १०० पैकी ६४ ला ९५ टक्के पल्ला साधारण ५५ ते ७३. ४०० पैकी २५६ ला ५९ ते ६९. एकरी ३० किलो हे प्रमाण ७० टक्के उगवणीसाठी आहे, म्हणून ३० × ७० ला आपल्या टक्केवारीने भागा. ६४ ने भागलं तर ३२.८ किलो, पल्ल्याच्या खालच्या टोकाने, म्हणजे ५९ ने भागलं तर ३५.६. बियाणं घरात पुरेसं असेल तर खालच्या टोकाचा आकडा धरा. पल्ल्याचं वरचं टोकही ६० च्या खाली असेल तर प्रमाण वाढवत बसू नका. ते सोयाबीन तेलाला जाऊ द्या आणि दुसरं बियाणं आणा. आणलेल्या पिशवीचीही चारशे दाण्यांची चाचणी करा, आणि त्या वेळी शून्य परिकल्पना कोणत्या बाजूला ठेवायची ते पिशवी फोडण्याआधी लिहून ठेवा.