परवानगीच्या तक्त्यातला तिसरा रकाना

पब्लिक हेल्थच्या मास्टर्सला असलेली मुलंमुली हल्ली विचारतात, लष्करी ताब्यातल्या प्रदेशातल्या नागरिकांना उपचार कसे मिळतात हा विषय डेझर्टेशनला घेऊ का? घ्या. पण गाझा किंवा वेस्ट बँक घेणार असाल तर आधी हे वाचा. याच विषयावरचं माझं डेझर्टेशन जमा होऊन बरेच दिवस झाले, तरी त्यातले काही तक्ते अजून डोक्यातून जात नाहीत.

युद्धात नागरिकांना संरक्षण देणारा चौथा जीनिव्हा करार तुम्ही चाळला असेल असं धरून चालते. कलम ५५ औषधपुरवठ्याचं, ५६ रुग्णालयं आणि सार्वजनिक आरोग्य चालू ठेवण्याचं, ५९ बाहेरची मदत येऊ देण्याचं. बहुतेक जण ५६ उद्धृत करून पुढे जातात. ५७ पण वाचा. ताबा घेणाऱ्या सैन्याला नागरी रुग्णालय स्वतःच्या जखमींसाठी घ्यायचं झालं तर ते तात्पुरतं, निकडीच्या वेळी, आणि तिथल्या रुग्णांची वेळेत दुसरी सोय लावूनच घेता येतं. व्हायवासाठी आणखी एक लक्षात ठेवा. भारताने १९४९ चे चारही करार १९५० मध्ये स्वीकारले, १९६० मध्ये त्यासाठी कायदा केला, पण १९७७ च्या अतिरिक्त प्रोटोकॉल्समध्ये भारत नाही. कायद्याचं एवढं पुरे, त्यात वर्ष घालवू नका.

आता ज्या ठिकाणी माझे महिने गेले त्याबद्दल. हे सावकाश वाचा.

गाझात रेडिएशनची सोय नव्हती. कॅन्सरच्या अनेक रुग्णांना पूर्व जेरुसलेम, वेस्ट बँक किंवा इस्रायलमधल्या रुग्णालयात जावं लागे. त्यासाठी गाझातल्या डॉक्टरचं रेफरल, खर्चाची हमी देणारं पॅलेस्टिनी आरोग्य मंत्रालयाचं पत्र, पुढच्या रुग्णालयाची तारीख, आणि या सगळ्यावर गाझातून इस्रायलकडे उघडणाऱ्या एरेझ नाक्यातून बाहेर पडायची इस्रायली परवानगी. जागतिक आरोग्य संघटना या अर्जांचा हिशोब दर महिन्याला छापत असे. तक्त्यात तीन रकाने: मंजूर, नाकारले, आणि तारखेपर्यंत उत्तर न आलेले.

नवखा माणूस काय करतो? 'नाकारले' हा रकाना उचलतो. तो आकडा अगदी लहान असतो, शेकड्याला काही थोडे. मग सिनॉप्सिसमध्ये वाक्य येतं की बहुसंख्य अर्ज नाकारले जात नाहीत. वाक्य आकड्याला धरून आहे, आणि तरी पूर्ण दिशाभूल करणारं आहे. २०१२ मध्ये ९२ टक्के अर्ज मंजूर झाले होते, २०१७ मध्ये ५४ टक्के. मधली घसरण थेट नकारात शोधाल तर सापडणार नाही, कारण ती जवळजवळ सगळी तिसऱ्या रकान्यात आहे. कोणी 'नाही' म्हटलेलं नाही. फक्त ज्या सकाळी निघायचं होतं त्या सकाळपर्यंत कोणी काही कळवलेलं नाही.

उत्तर न आलेल्या रुग्णाचं पुढे काय होतं ते एकदा कागदावर मांडून बघा. रुग्णालयाची तारीख गेली. नवी तारीख मागायची, ती मिळेपर्यंत खर्चाच्या हमीची मुदत संपते, ती पुन्हा काढायची. रक्ताचे रिपोर्ट जुने होतात, ते परत. मग नवा अर्ज. आणि इथे त्याच सापळ्याचा दुसरा दात आहे: हा नवा अर्ज तक्त्यात नवा म्हणूनच मोजला जातो. एकाच बाईचे तीन अर्ज असतील, दोन अनुत्तरित आणि एक मंजूर, तर तक्त्यात एक मंजुरी आणि दोन सुटे अनुत्तरित अर्ज दिसतात, ते एकाच बाईचे आहेत हे दिसत नाही. तिचा गेलेला काळ कुठेच दिसत नाही. म्हणून 'इतक्या टक्के रुग्णांना परवानगी मिळाली' असं लिहू नका, 'इतक्या टक्के अर्जांना' लिहा. एवढ्या एका बदलाने माझा निष्कर्षाचा अख्खा भाग पुन्हा लिहावा लागला, आणि तो बदल योग्यच होता. शिवाय ज्यांनी कंटाळून, भीतीने किंवा सोबत जायला कोणी नाही म्हणून अर्जच केला नाही, ते तिन्ही रकान्यांच्या बाहेर आहेत. सोबत्याचा अर्ज वेगळा असतो. मुलाला परवानगी आणि आईला नाही, असंही घडत आलं आहे.

उशीर म्हणजे नेमकं काय, हे मला जर्नल वाचून कळलं नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत परळला उपचार घेणारे कॅन्सरचे रुग्ण उतरतात. तिथे मी काही काळ जात होते. जळगावकडची एक मावशी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नवऱ्याची फाईल घेऊन बसायची. कधी फोल्डर मांडीवर, कधी उशीखाली, पण नजरेआड कधीच नाही. रेडिएशन सोमवार ते शुक्रवार, असे कित्येक आठवडे. मध्ये खाडा पडला तर काही कॅन्सरमध्ये गाठ पुन्हा जोर धरते, म्हणून पावसाने लोकल बंद पडल्या त्या दिवशी ती परळपर्यंत चालत गेली. मुंबईतही रुग्णाचे हाल होतात, मी ते झाकत नाही. पण तिच्या वाटेवर चालून जाता येत होतं. रामल्लाह आणि जेरुसलेममधल्या कलंदिया नाक्यावर परवानगीशिवाय ते जमत नाही.

रामल्लाहकडून पूर्व जेरुसलेमच्या रुग्णालयात निघालेली पॅलेस्टिनी नंबर प्लेटची रुग्णवाहिका बहुतेकदा या नाक्यापाशी थांबते. पलीकडून इस्रायली नंबर प्लेटची रुग्णवाहिका येते. स्ट्रेचर उघड्यावर एका गाडीतून काढून दुसरीत चढवतात; सलाईन, ऑक्सिजन, सगळं बदलून. दोन्ही गाड्या एका वेळी तिथे पोचतील अशी आधी जुळवाजुळव करावी लागते. नकाशावर अंतर मोजणारी सॉफ्टवेअर्स हे अंतर काही किलोमीटर दाखवतात. किलोमीटरवरून 'पोहोच' काढणारे पेपर मी आता पहिल्या पानावरच बाजूला ठेवते.

हीच गोष्ट रुग्णालयांच्या संख्येची. रशियाने ताब्यात घेतलेल्या युक्रेनच्या भागांत दवाखाने उघडे असूनही रशियन पासपोर्ट नसलेल्यांना उपचार आणि औषधं नाकारल्याच्या नोंदी आहेत. इमारती मोजल्या तर ते कळणार नाही. मधुमेहाच्या माणसाला इन्सुलिनसाठी कोणता कागद दाखवावा लागला, हे विचाराल तर कळेल. उपचारासाठी पासपोर्ट घ्यायला लावणं म्हणजे आडून निष्ठा मागणंच; आणि ताब्यातल्या लोकांवर शत्रुसत्तेशी निष्ठेची शपथ घ्यायची सक्ती करता येत नाही, हे युद्धाचे नियम सांगणाऱ्या १९०७ च्या हेग नियमावलीच्या ४५ व्या कलमात आहे. हे कलम आरोग्याच्या प्रबंधांत फारसं कोणी आणत नाही. तुम्ही आणा.

घाबरू नका, अरबी येत नसली तरी पहिलं वर्ष अडत नाही; मासिक अहवाल इंग्रजीत आहेत. एकटं बसून वाचायला कलिनाची जवाहरलाल नेहरू लायब्ररी पुरते. फक्त कुणीतरी तयार करून दिलेल्या 'समरी'वर विसंबू नका, मग ती सीनियरची असो की एआयची. तक्त्याखालच्या बारीक टिपा समरीत गळतात, आणि 'उत्तर न येणे' म्हणजे काय हे त्या टिपांतच लिहिलेलं असतं.

गाईड निवडताना त्यांच्या पेपरांची यादी बघू नका. ओपीडीच्या रांगेत कधी उभे राहिलेत का, ते बघा. 'या विषयाशी आपला काय संबंध, राजकारण आहे ते' असं म्हणणारे गाईड भेटतीलच. त्यांना सांगा की १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला पाच भारतीय डॉक्टर गेले, त्यात नागपूरचे चोळकर होते आणि परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. तरीही गाईड ऐकत नसतील तर गाईड बदला. पहिल्या सेमिस्टरमध्ये ते सोपं असतं, तिसऱ्यात नाही.

एक इशारा मात्र मऊ शब्दांत देणार नाही. कोटेशन हवं म्हणून तिथल्या रुग्णांना व्हॉट्सॲपवर गाठू नका. ज्यांच्या परवानगीसाठी सुरक्षा यंत्रणा चौकशी करते, त्यांनी तुमच्याशी बोललेलं त्यांच्या पुढच्या अर्जाला अडथळा ठरू शकतं. नाव बदलून भागत नाही. आजार, वय आणि गाव मिळून माणूस ओळखू येतो. एथिक्स कमिटीने मान्यता दिली तरी करू नका. छापून आलेल्या साक्षी भरपूर आहेत.

आणि आकड्यांची मालिका ऑक्टोबर २०२३ ला तोडा. एरेझ तेव्हा बंद पडलं, मे २०२४ मध्ये इजिप्तकडचा रफाह नाकाही बंद झाला. गाझाचं एकमेव कॅन्सर रुग्णालय इंधन संपल्याने नोव्हेंबर २०२३ मध्येच थांबलं होतं. त्यानंतर जे थोडे रुग्ण बाहेर काढले गेले, ते वेगळ्या पद्धतीने. आधीची टक्केवारी आणि नंतरचे आकडे एका आलेखात जोडले तर ती रेघ खोटी होईल. दोन स्वतंत्र प्रकरणं करा. दुसरं लहान राहील, राहू द्या.