विहीणबाईंना नातवाचे प्रताप कँटोनीजमध्ये कसे सांगावेत

सूनबाईंचं माहेर हाँगकाँग. रविवारी व्हिडिओ कॉलवर विहीणबाई नातवाबद्दल विचारतात, तेव्हा सुरुवात कौतुकानेच करा: ‘क्वाय’, गुणी बाळ. सूर वरचा, सपाट. खोडकर असेल तर ‘यय’, सूर खालून किंचित चढता. तिथे सूर सहा. सरसकट मराठी हेल काढलात तर अर्थच बदलतो.

‘पाकयिम’ म्हणजे नाना उचापती. चिवड्यातले शेंगदाणे वेचून सोफ्याखाली दडवणारे आमचे चिरंजीव त्यातलेच.

सगळ्यात कामाचा शब्द ‘नउकय’: हट्ट, किरकिर, भोकाड, सगळं त्यात आलं. रामकुंडावर फुग्यासाठी फतकल मारली, की बिनधास्त हाच वापरा. समजूतदारपणाला ‘संगसिंग’, आमच्याकडे अजून गरज पडलेली नाही.