एकट्यानं जड शिडी उभी करायची असंल तर

सांगलीत आमचं घर जुनं, एकमजली. बांधताना पैसं संपलं आणि जिना राहिला तो राहिलाच, त्यामुळं टाकी धुवायची असो नाहीतर पावसाळ्याआधी गच्चीच्या पाइपात अडकलेला पाला काढायचा असो, बाहेरनं शिडीच लावावी लागते. आधी बांबूची होती, आजी तिला निसण म्हणायची. ती कुजल्यावर ॲल्युमिनियमची सरकती शिडी घेतली, बारा-बारा फुटाचे दोन भाग एकमेकांवर सरकवून लांब करायची, म्हणून २४ फुटी, वजन २५ किलोच्या आसपास. आणली त्याच आठवड्यात घरात कोण नसताना मी ती अंगणात आडवीच पूर्ण उघडली आणि मग उचलायला गेलो. निम्म्यावर आल्यावर ती जी एका बाजूला झुकली ती सरळ शेवग्यावर, फांदी मोडली आणि माझा खांदा चार दिवस दुखत होता.

चूक उघडण्यात होती. शिडीचं बूड भिंतीला अडकवलं की आपण पूर्ण वजन उचलत नसतो, एक टोक उचलताना हातात निम्मंच येतं म्हणजे माझ्या शिडीचं साडेबारा किलो. पण चालत चालत पुढं जाताना आपला हात बुडाच्या जवळ जवळ जातो, आणि ४५ अंशाच्या आसपास सगळ्यात जास्त जोर लागतो. बंद शिडी १२ फुटाची, जमिनीपासून सहा फुटावर हात धरून ढकलली तर तिथंही साडेबाराच्या आसपासच लागतो. तीच उघडून २१ फूट केली (२४ का नाही ते पुढं सांगतो) तर त्याच जागी बावीस किलोचा जोर, शिवाय वरचं टोक डुलतंय ते वेगळंच. म्हणून बंदच उभी करायची, उघडायची ती उभी राहिल्यावर.

पण सगळ्यात आधी मान वर करून बघा. खांबावरनं घरात येणारी वायर कुठनं जाते, गल्लीतली लाइन किती लांब आहे. शिडी आणि वायर यात कमीत कमी १० फूट अंतर पाहिजे, आणि हे शिडी उभी असताना नुसतं नाही, ती आडवी पडली तर कुठं पडंल तेपण मोजायचं. ॲल्युमिनियमला करंट लागला तर सोडवायला तुमच्याजवळ दुसरं कोण नाही हे लक्षात ठेवा. बांबू ओला असला की तोपण भरवशाचा नाही. वायर जवळ असंल तर महावितरणला सांगून लाइन बंद करून घ्या नाहीतर जागा बदला.

वारं पण बघा. एप्रिल मे मध्ये दुपारी चारनंतर वळवाचं ढग आलं की एक झोत असा येतो की पत्रं उडतात, तेव्हा शिडीला हात लावू नका. मी सकाळी सातलाच काम काढतो.

जमीन आमच्याकडं काळी, पाऊस पडून गेला की शिडीचा एक पाय बोटभर आत जातो आणि वर तेच हातभर तिरकं होतं. दोन्ही पायांखाली मिळून एकच जाड फळी टाका. एका पायाखाली वीट सरकवून लेव्हल करणारी माणसं मी बघितल्यात, तसलं काय करू नका, फरक असंल तर उंच बाजूची माती खुरप्यानं काढा.

आता शिडी भिंतीशी काटकोनात आडवी ठेवा, शिडीच्या पायांचे रबरी बूट जोत्याला टेकलेले, सरकणारा भाग खालच्या बाजूला म्हणजे जमिनीकडं. उलटं वाटंल पण उभी केल्यावर तो भाग आपल्याकडं येतो आणि तसाच पाहिजे. दोन्ही भागांच्या पायऱ्या एका जागी दोरीनं बांधा नाहीतर उचलताना आतला भाग घसरून बोटं चेपतात. मग वरच्या टोकाला जाऊन गुडघे वाकवून बसा, पाठ सरळ ठेवून टोक डोक्यावर घ्या आणि एकेक पायरी धरत भिंतीकडं चालत या, घाई नाही, एक हात सोडायचा तो दुसऱ्याची पकड पक्की झाल्यावरच. उभी झाली की भिंतीला टेकवा आणि दोन्ही हातांनी जरा उचलत बूड थोडं मागं घ्या, म्हणजे ती आपल्या अंगावर यायची नाही.

इथं बांधलेली दोरी सोडायची. एक पाय खालच्या पायरीवर दाबून धरायचा आणि कप्पीची दोरी ओढत वरचा भाग न्यायचा. पाहिजे त्याच्या एक पायरी वर नेऊन हळू खाली सोडा, हूक बसल्याचा आवाज येतो. आवाजावर जाऊ नका, दोन्ही बाजूचे हूक डोळ्यानं बघा, एकच बसलेला असतो बऱ्याचदा. उरलेली दोरी पायरीला बांधून टाका. आणि २४ फुटी म्हणून २४ फूट मिळत नाहीत, दोन भाग एकमेकांवर तीन फूट तरी राहायलाच पाहिजेत, दुकानदार हे सांगत नाही.

बूड किती लांब? उंचीच्या चौथा हिस्सा. आमचा कठडा १५ फुटावर, म्हणजे पावणेचार फूट. टेप नसंल तर बुडाला चवडे टेकवून सरळ उभं राहा आणि हात समोर खांद्याच्या उंचीला ताठ करा, तळवा पायरीला पोचला की बरोबर. कठड्याच्या वर तीन फूट शिडी राहू द्या, गच्चीवर उतरताना धरायला तेच लागतं, पण त्या तीन फुटावर चढून उभं राहायचं नाही.

एकटं असताना खाली धरायला माणूस नसतो, म्हणून मी बूड खिडकीच्या गजाला नायलॉनच्या दोरीनं बांधतो, मग चढतो, आणि वर पोचलो की पहिलं काम वरचं टोक गच्चीच्या पाइपाला बांधणं, पण तो पाइप हलत नाही ना ते आधी बघून. बादली, पाना हातात घेऊन चढू नका, दोरीनं वर ओढा. कुठं बाजूला हात पोचत नसंल तर उतरून शिडी सरकवा, आपल्या पट्ट्याचं बक्कल शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या मधेच पाहिजे.

उभी करताना कधी ती हातातनं गेलीच तर सोडा आणि बाजूला व्हा, धरायला जाऊ नका. शिडी वाकली तर वाकू दे. तुमची माझ्यापेक्षा जड असंल, ३२ फुटी वगैरे, तर सरळ शेजारच्या पोराला हाक मारा, चहा पाजला की झालं.

उतरवताना हेच सगळं उलट्या क्रमानं. वरची दोरी सोडून खाली आलो की पहिल्यांदा वरचा भाग खाली घ्यायचा, तो घेतल्याशिवाय खिडकीची गाठ सोडायची नाही. मी एकदा विसरलो, बूड घसरलं तेव्हा मी अंगणातच होतो म्हणून बरं.