विशेष गरजा असलेल्या मुलाला बागेत नेताना या चुका टाळा

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक आईवडिलांना मी सांगते, मुलाला बागेत न्या. घसरगुंडीची शिडी, झोका, वाळू, सारसबागेसारखी हिरवळ हे क्लिनिकमध्ये कुठून आणणार? शिवाय इतर मुलांना बघून मूल जो जोर लावतं, तो माझ्या सांगण्याने लावत नाही. पण बागेत पोचल्यावर जे चालतं ते बघून जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलाला उचलून थेट घसरगुंडीच्या माथ्यावर बसवणं. अहो, व्यायाम शिडीत आहे! सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणाऱ्या परिणामामुळे) पाय ताठ असलेलं, चवड्यावर चालणारं मूल पायरी चढतं तेव्हा एका पायावर पूर्ण भार घेतं, दुसरा पाय गुडघ्यात आणि खुब्यात वाकवतं, वर तोल सांभाळतं. हे सगळं गाळून काय उरलं?

असाच एक पाच वर्षांचा मुलगा. बाबा त्याला पुन्हा पुन्हा उचलून वर ठेवायचे आणि मला सांगायचे, "मॅडम, रोज अर्धा तास घसरगुंडी होते." मी त्यांच्यासोबत बागेत गेले. पोराला पहिल्या पायरीवर उभं केलं तर तो नेहमीचा उजवाच पाय टाकायचा, डावा नुसता ओढत आणायचा. डाव्याने सुरुवात करायला लावली. वेळ लागला. मागे रांग लागली, कुणीतरी ओरडलं, "उचला ना त्याला!" आजींना बघवेना, त्या दोनदा पुढे आल्या. त्या दिवशी तो तीन पायऱ्यांवर थांबला आणि उतरला. तेवढं पुरे होतं. पुढे काही महिन्यांनी तो वरपर्यंत जाऊ लागला, आणि आता रांगेतल्या मुलांना आजीच दटावतात, "थांबा रे, तो चढतोय."

मी स्वतः मुलाच्या मागे उभी राहते आणि हात कमरेच्या दोन्ही बाजूंना ठेवते. काखेत हात घातला की मूल अंग सोडून देतं. मदत करण्याआधी मनात दहापर्यंत मोजते. रांगेचा त्रास नको म्हणून आठवड्यातल्या मधल्या वारी, संध्याकाळी बाग उघडल्या उघडल्या जाते. घाईच्या दिवशी जातच नाही, तुम्हीही जाऊ नका.

दुसरी चूक प्रेमापोटी होते: मुलाला मांडीवर घेऊन घसरणं. सुरक्षित वाटतं, पण मुलाचा बूट कडेला अडकतो आणि मोठ्या माणसाच्या वजनाने वेग थांबत नाही. नडगीचं हाड मोडतं. स्नायू सैल असलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीचं असंच मोडलं. मामाने हौसेने घेतली होती. ती नुकती धरून उभी राहू लागली होती; प्लास्टर निघाल्यावर उभं राहणं पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागलं. एकट्याने घसरता येत नसेल तर अजून घसरगुंडीची वेळ आलेली नाही, एवढं साधं आहे.

हात धरून हिसका देऊन उठवू नका, कोपराचा सांधा निखळतो. वाळूत पाय मागे दुमडून डब्ल्यूसारखं बसलं की पाय समोर करून द्या.

चक्रावर गरगर फिरवणं मला अजिबात आवडत नाही. मूल हसतंय म्हणून लोक फिरवत राहतात. चेहरा पांढरा पडणं, घाम, उलटी नंतर येते. त्यापेक्षा सावकाश, पुढेमागे जाणारा झोका द्या. डाउन सिंड्रोम असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ट्रॅम्पोलिन आणि कोलांटउड्या नकोत. मानेचे वरचे सांधे सैल असू शकतात. स्पायना बायफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष) असेल तर उन्हाळ्यात पत्र्याच्या घसरगुंडीवर आधी आपला हात ठेवून बघा, कारण पायांची संवेदना कमी असल्याने मुलाला चटका कळेलच असं नाही. अशा मुलांना रबराची ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त, म्हणून गेटवरचे फुगेही टाळा.

स्प्लिंटमध्ये (पायाला आधार देणाऱ्या साच्यात) वाळू गेली की फोड आलाच. घरी आल्यावर स्प्लिंट काढून पाय बघा. लाल खूण अर्ध्या तासात गेली नाही तर स्प्लिंट करून देणाऱ्याला लगेच दाखवा.

आणि "अजून एक राउंड" म्हणणाऱ्यांना एक विनंती. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला तेवढंच अंतर चालायला इतरांपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. पाय घासायला लागले, गुडघे एकमेकांवर आपटायला लागले की थांबा. गेटपर्यंत चालत नेण्याचा हट्ट नको, बाबागाडी सोबत ठेवा.