सोलापुरात राहून पियानोवर रचना करायच्या असतील तर

पियानो शिकू पाहणाऱ्या इथल्या मुलांना वाटतं की हे संगीत मुंबईत मिळतं, नाहीतर थेट युरोपात. माझ्या रचनांमध्ये जे खास माझं म्हणता येईल, ते मात्र सोलापुरातच कानावर पडलेलं आहे. घरात पेटीवर अभंग, शेजारी कन्नड वचनं म्हणजे शरणांची भक्तिपर पदं, पूर्व भागात लग्नाच्या मांडवात तेलुगू गाणी, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत हलगी. तीन भाषांची वळणं लहानपणीच कानात बसतात, हे केवढं भांडवल आहे! म्हणून पहिला आग्रह हा: आवडलेली चाल नोटेशन न बघता, कानाने बसवा. रोज एक ओळ बसली तरी पुष्कळ.

आपल्याकडची बरीच मुलं पेटीवरून पियानोवर येतात. पेटीत डावा हात भात्यात गुंतलेला असतो, त्यामुळे पियानोवर उजवा हात धावतो आणि डावा नुसता कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर, धरून बसतो. खरी मेहनत इथे घ्या, कारण माझ्या मते रचनाकार डाव्या हातात घडतो. जर्मन संगीतकार बाखच्या 15 इन्व्हेन्शन्स, म्हणजे सरावाच्या छोट्या रचना, यासाठीच आहेत. दोन हातांच्या दोन स्वतंत्र सुरावटी स्वच्छ वाजाव्यात आणि शिकताना रचनेची गोडीही लागावी, हा हेतू त्याने 1723 च्या शीर्षकपानावरच लिहून ठेवला आहे. एक सुरावट गात दुसरी वाजवून बघा. अवघड जातं, पण कान उघडतो.

त्यानंतर फ्रेंच संगीतकार एरिक सातीच्या 1888 च्या जिम्नोपेदी नावाच्या तीन संथ पियानोरचना ऐका. पहिलीच्या सुरुवातीला डावा हात दोनच कॉर्डमध्ये ये-जा करतो, आणि तेवढ्यावर सगळी चाल तरंगते. मोकळी जागा सोडायला मी तिथे शिकलो. गाण्याची चाल पियानोवर कशी मांडायची, यासाठी मी पियानोवादक व्ही. बालसारांकडे पुन्हा पुन्हा जातो. 1922 मध्ये मुंबईत जन्मलेला हा पारशी कलावंत पुढे कोलकात्याचा झाला.

रागावर आधारित रचना करणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पियानोवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही. ती भासवण्यासाठी प्रत्येक सुराला कणस्वर, म्हणजे शेजारच्या सुराचा ओझरता स्पर्श, चिकटवत बसू नका, ऐकणाऱ्याला त्याचा लवकर कंटाळा येतो. त्यापेक्षा पेडल दाबून षड्ज-पंचमाची (सा-प) तानपुऱ्यासारखी सलग आस भरू द्या, त्यावर एकेक सूर ठेवा. दुसरी गोष्ट कॉर्डची. भूप रागात सा-ग-प शोभतं. पण सवयीने मध्यमावरची मेजर कॉर्ड लावली की या रागात वर्ज्य असलेला म आत येतो आणि भूप तिथेच संपतो. प्रत्येक कॉर्डमधले सूर रागाच्या आरोह-अवरोहाशी ताडून बघा.

वाद्य घेताना 88 पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर बोटांत जोर येत नाही. अकूस्टिक, म्हणजे तारांच्या खऱ्या पियानोचा नाद निराळाच, पण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड सुकतं आणि सूर उतरतो. ट्यूनिंगची खात्रीची सोय असेल तरच त्या वाटेला जा.

परीक्षा द्यायच्या तर ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या. एबीआरएसएममध्ये सहावी आणि त्यापुढच्या प्रात्यक्षिक श्रेणींआधी सहसा पाचवीची थिअरी लागते, ट्रिनिटीत तशी अट नाही. थिअरी मात्र दोन्हीकडे मनापासून करा.

पोटापाण्याचं म्हणाल तर सुरुवातीला शिकवण्या आणि भावगीतांच्या कार्यक्रमांतली साथ हाच आधार. स्वतःची रचना प्रसिद्ध करण्याआधी तारखेसह स्वरलिपी आणि रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि संगीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीमुळे ध्वनिमुद्रित रचनेच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा कंपनीला सही करून देऊन टाकता येत नाही. कोणी एकरकमी पैसे पुढे करून करार समोर ठेवला, तर सही करण्याआधी हे कलम वाचून जा.