लेण्यांच्या संवर्धनात यायचंय? आधी पाणी बघायला शिका

वेरूळचं कैलास किंवा घारापुरीचा सदाशिव बघून भारावलेली मुलं विचारतात, "या क्षेत्रात यायचं कसं?" बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तेव्हा ब्रश, भिंग आणि मूर्तीचा चेहरा असतो. काम मात्र सुरू होतं डोंगराच्या माथ्यावर, लेण्याच्या वर, जिथे पर्यटक कधी फिरकत नाहीत. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन या कामात आले आणि नव्या मुलांना आता सगळ्यात आधी हेच सांगते: मूर्तीला हात लावण्याआधी पाणी कुठून येतं, कुठे मुरतं आणि कुठे बाहेर पडतं हे बघायला शिका.

बांधलेल्या देवळाचे दगड क्रमांक घालून उतरवता येतात, पाया दुरुस्त करून पुन्हा रचता येतात. लेण्याच्या बाबतीत ती सोय नाही. ते डोंगराचाच भाग आहे, त्यामुळे डोंगराला जे होतं ते लेण्याला होतं. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कोरलेलं कैलास चारही बाजूंनी मोकळं झालं, तरी त्याचा तळ अजून त्याच खडकात आहे. आपला दख्खनचा काळा दगड वरून कितीही टणक दिसला तरी त्यात उभ्या-आडव्या भेगा असतात, बुडबुड्यांची छिद्रं असतात, त्यांत पांढरी स्फटिकं भरलेली असतात. पावसाचं पाणी भेगेतून उतरतं, सोबत माती आणि क्षार आणतं आणि एखाद्या द्वारपालाच्या खांद्यातून बाहेर येतं. खांद्यावरचे पोपडे आपल्याला दिसतात, पण त्यांचं कारण वर कुठेतरी असतं.

कोरणाऱ्यांना हे ठाऊक होतं. अनेक लेण्यांच्या माथ्यावर पाणी बाजूला वळवायला खोदलेले चर सापडतात. कुठे ते मातीने बुजलेले असतात, कुठे त्यात पिंपळ उगवलेला असतो. असा चर मोकळा करणं हे फोटोत न दिसणारं काम, पण माझ्या मते संवर्धनातलं सर्वांत मोलाचं. पिंपळ मात्र दिसला की उपटायचा नाही. मूळ भेगेत रुतलेलं असतं आणि ओढलं की दगडाचा तुकडा घेऊनच येतं. बुंधा कापून मूळ जागीच मारायचं आणि नंतर भेग भरायची, तीही देखरेखीखाली.

पाणी बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं? लेण्याचा साधा आराखडा कागदावर काढा. जोराची सर येऊन गेली की लगेच आत फिरा आणि कुठे ठिबकतंय तिथे खूण करून वेळ लिहा. काही तासांनी पुन्हा फिरा. पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले की परत जा. सरीबरोबर ठिबकणारी आणि सर थांबली की बंद होणारी जागा असेल तर वरच्या उघड्या भेगेतून पाणी थेट येतंय असं धरून शोध घ्यावा. उघडीप पडल्यावर झिरपायला लागून बरेच दिवस चालू राहणारी जागा असेल तर पाणी माथ्यावरच्या मातीत किंवा साठलेल्या खड्ड्यात मुरून येत असण्याची शक्यता जास्त. दोन्हींचे उपाय वेगळे. ही नोंद कोणतंही यंत्र तुमच्यासाठी पूर्णपणे करून देत नाही. भेग वाढते का ते बघायला मोजपट्ट्या आणि सेन्सर आहेत, पण ते कुठे लावायचे हे ठरवणारा माणूस पावसात उभा राहिलेला असावा लागतो.

रसायनाच्या मुलांना एक प्रक्रिया सविस्तर सांगते. घारापुरीसारख्या बेटावर समुद्राचं खारं वारं लागतं. मीठ ओलाव्याबरोबर दगडात शिरतं, कोरड्या दिवसांत पृष्ठभागाखाली त्याचे स्फटिक होतात, ते वाढताना दगडावर दाब देतात आणि दगडाची कपची सुटते. हे मीठ धुऊन जात नाही, उलट पाणी मारलं की आणखी आत जातं. म्हणून आधी सुटी पांढरी पूड मऊ ब्रशने कोरडीच झाडून घ्यायची. मग गाळण कागदाचा लगदा शुद्ध केलेल्या पाण्यात भिजवून दगडावर बोटांनी हलके दाबत थापायचा, मध्ये हवा राहू द्यायची नाही. लगदा वाळत जातो तसं दगडातलं पाणी बाहेर येतं आणि सोबत मीठ आणतं. वाळलेला लगदा काढून पुन्हा शुद्ध पाण्यात टाकायचा आणि त्या पाण्याचा नमुना सिल्व्हर नायट्रेटने तपासायचा. पांढरा गढूळपणा आला की क्लोराइड निघतंय. शाळेच्या प्रयोगशाळेतलीच ही परीक्षा आहे. गढूळपणा कमी होत जाईपर्यंत लगदे लावत राहायचं. मात्र जिथे कपची आधीच सुटलेली आहे तिथे लगदा लावायचा नाही, आधी तिला आधार द्यायचा. बोटाच्या पेराने हळू वाजवलं तर पोकळ जागा आवाजावरून कळते. हा कान तयार व्हायला वेळ लागतो, तोवर जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून ऐका.

सफाईबद्दल माझं मत ठाम आहे: काळं दिसलं की काढायचं, ही वृत्ती घेऊन या क्षेत्रात येऊ नये. शेवाळ आणि दगडफूल सौम्य अमोनिया, तटस्थ (आम्लही नाही, अल्कलीही नाही असा) साबण आणि मऊ ब्रशने काढतात, पुन्हा उगवू नये म्हणून जैवनाशक लावतात. पण पाण्याचा ओघ तसाच राहिला तर शेवाळ परत येणारच आणि दरवेळी घासताना दगडाचा थोडा थर जाणार. शिवाय तो थर निव्वळ मळ आहे याची खात्री काय? कैलासावर एके काळी पांढरा गिलावा आणि रंग होता, त्याचे अवशेष आजही दिसतात. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांनी दाखवून दिलं. कोणी अतिउत्साहात ते पापुद्रे घासून टाकले असते तर ही माहिती कायमची गेली असती.

सिमेंटही असंच. जुन्या डागडुजीत ते अनेक ठिकाणी वापरलेलं दिसतं. ते क्षार सोडतं, ओल आत कोंडतं आणि बाजूचा दगड आधी फुटतो. म्हणून चुन्याचं काम शिका: चुना भिजवणं, मुरवणं, त्यात किती वाळू, किती सुरखी (भाजलेल्या विटेची पूड). हे गवंड्यांकडून शिकावं लागतं, वर्गात नाही. काका-मामा म्हणून त्यांच्यासोबत राबलात तर ते हात राखून शिकवत नाहीत.

काही लेण्यांत रोजची पूजा चालते. पुण्याचं पाताळेश्वर, मुंबईची जोगेश्वरी ही उदाहरणं सगळ्यांच्या ओळखीची. तेल, काजळी, कुंकू यांचा थर दगडावर बसतो हे खरं, पण भाविकाला गुन्हेगार ठरवून काही साधत नाही. "मावशी, दिवा भिंतीला टेकून नको, या ताटात ठेवूया का?" असं विचारलं की माणसं ऐकतात. देऊळ जिवंत ठेवणारी माणसं तीच आहेत. माझ्या डोळ्यांना लेण्याच्या माथ्यावरची वस्ती आणि तिचं सांडपाणी हा दिव्यापेक्षा कितीतरी मोठा प्रश्न दिसतो, आणि तो नगरपालिकेच्या गटारापर्यंत जातो.

शिक्षणाचे रस्ते बरेच आहेत. इतिहास-पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज. वास्तुविशारद असाल तर दिल्लीचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर किंवा अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुरातत्त्व संस्था ग्रेटर नोएडाला आहे, तिथे पदव्युत्तर पदविका मिळते. रसायनाच्या मुलांनी सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेकडे लक्ष ठेवावं. ती १९१७ पासूनची आहे, मुख्यालय डेहराडूनला, आणि आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला तिची प्रयोगशाळा आहे. लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेत प्रशिक्षणं होतात. भूशास्त्र आणि स्थापत्य अभियांत्रिकीच्या मुलांना आपण इथले नाही असं वाटतं. उलट भेगा, खडक धरून ठेवणारे बोल्ट, ग्राउटिंग (भेगेत पातळ मसाला भरणं) या कामांत त्यांचीच माणसं कमी पडतात. सरकारी जाहिरातींना नेम नसतो, त्यामुळे मधल्या काळात इंटॅकसारख्या वारसा जपणाऱ्या संस्थांच्या किंवा खासगी संवर्धकांच्या प्रकल्पांवर काम करा. सुरुवातीचा पैसा बेताचा असतो, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

दुर्गसंवर्धनातून आलेल्या मुलांकडे मेहनत आणि माया दोन्ही असते. त्यांना एक विनंती. संरक्षित लेण्यात परवानगीशिवाय झाडूपलीकडे काही करू नका, तारेचा ब्रश तर नाहीच. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. हे अंतर पाठ असू द्या. तुमच्या गावाजवळच्या लेण्याशेजारी खोदकाम सुरू झालेलं तुम्हालाच आधी दिसणार आहे.

सुरुवात याच पावसाळ्यात करा. पुण्यात असाल तर जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर गाठा. मुंबईकरांनी घारापुरीला जाताना हवामान बघावं, खवळलेल्या समुद्रात लाँच बंद ठेवतात. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. सोबत वही, पेन्सिल, बॅटरी आणि फोटोत मापासाठी ठेवायला एक छोटी पट्टी घ्या. प्रत्येक फोटोची तारीख आणि पावसाची वेळ त्याच दिवशी लिहून काढा. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून, त्याच अंतरावरून पुन्हा फोटो काढायचा आहे.